प्रा. दि. ब. देवधर : खेळणारा आणि खेळ चालवणारा



"आम्ही सचिनला राहतो" असं सांगितलं की पुण्या-मुंबईचे पाहुणे हटकून क्रिकेटवर येतात. त्यांना दर वेळी सांगावं लागतं, की आमचं सचिन म्हणजे सुरत-नवसारी लाईनवरचं गाव. पेशवाईत, १७९१ साली, जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातल्या वारसाने तिकडचा हक्क सोडला आणि त्याच्या बदल्यात त्याला हा मुलूख मिळाला. त्यातून सचिन संस्थान उभं राहिलं. तेंडुलकरांचा सचिन जन्मला १९७३ साली, आणि त्याचं नाव ठेवलं संगीतकार सचिन देव बर्मन यांच्यावरून. तेव्हा गावाचा आणि त्याचा काही संबंध नाही. पण गावाच्या नावामुळे क्रिकेटचा विषय निघतोच, म्हणून आज त्यातल्याच एका मोठ्या माणसाबद्दल लिहितो.

आमच्या सोसायटीत संध्याकाळी जी मुलं खेळतात, त्यांत निम्मी धुळे, जळगाव, नंदुरबारकडच्या घरांतली आहेत. त्यांना मी विचारलं, "देवधर कोण, माहीत आहे का रे?" एकाने सांगितलं, "काका, ट्रॉफीचं नाव आहे ते." पुढे कुणालाच काही सांगता येईना. मुलांचा दोष नाही. आपण घरात कधी सांगितलं, तर त्यांना कळणार ना!

दिनकर बळवंत देवधर यांचा जन्म १४ जानेवारी १८९२ चा, पुण्याचा. व्यवसाय मास्तरकीचा. सर परशुरामभाऊ महाविद्यालयात ते संस्कृत शिकवायचे. आज ऐकायला गंमत वाटेल, पण त्या काळी क्रिकेटवर घर चालत नसे. नोकरी सांभाळायची आणि उरलेल्या वेळात मैदान गाठायचं, अशीच रीत होती.

क्रिकेट हा तेव्हा मुळात साहेबाचा खेळ. इंग्रजांनी हिंदुस्थानात क्लब आणि जिमखाने काढले आणि आपले हिरवळीवरचे खेळ बरोबर आणले. त्यात क्रोकेही होता. लाकडी हातोड्याने चेंडू मारून तारेच्या कमानींतून काढायचा, तो खेळ. ज्या विम्बल्डनला आपण टेनिसची पंढरी म्हणतो, तो क्लब १८६८ साली निघाला तो क्रोकेसाठी. बॅडमिंटनचे सुरुवातीचे नियम तर पुण्याच्या लष्करी छावणीत तयार झाले, आणि त्या खेळालाच आधी 'पूना' म्हणत. या सगळ्यांत क्रोके राहिला क्लबाच्या कुंपणाआत आणि क्रिकेट मात्र गल्लीबोळात पोचलं. असं का झालं? माझं उत्तर असं, की क्रिकेटला खेळणारे मिळाले तसेच ते गावोगाव रुजवणारेही मिळाले. देवधर हे दोन्ही होते.

आधी खेळाडू म्हणून पाहू. १९११ साली ते पहिल्या दर्जाच्या क्रिकेटमध्ये आले. डिसेंबर १९२६ मध्ये आर्थर गिलिगनचा एमसीसी संघ मुंबईत आला. सी. के. नायडूंनी हिंदू संघाकडून १५३ धावा झोडपल्या, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्याच महिन्यात बॉम्बे जिमखान्यावर अखिल भारतीय संघाकडून देवधरांनी १४८ केल्या. आपली पोरं इंग्लंडच्या गोलंदाजीपुढे उभी राहू शकतात, ही खात्री या दोन डावांनी दिली. १९२८ मध्ये क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झालं आणि १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारत पहिली कसोटी खेळला.

त्या दौऱ्यात देवधर नव्हते. वय चाळीस झालं होतं. कसोटीची टोपी त्यांना कधीच मिळाली नाही. ज्या दाराला खांदा लावून ते उघडलं, त्यातून आत दुसरेच गेले! दुसरा कुणी असता तर बॅट कोनाड्यात टाकून कुरकुरत बसला असता. यांच्या आयुष्यातला मोठा भाग तर त्यानंतर सुरू झाला.

१९३४-३५ ला रणजी स्पर्धा सुरू झाली. त्याआधी मुंबईची मोठी स्पर्धा म्हणजे हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन असे धर्मावर पाडलेले संघ. रणजीत प्रांतांचे आणि संस्थानांचे संघ आले. नवानगर, बडोदा, होळकर यांच्या मागे राजेरजवाड्यांची तिजोरी होती. महाराष्ट्राचा कप्तान होता कॉलेजातला संस्कृतचा प्राध्यापक. त्यांनी सांगलीचा विजय हजारे, रंगा सोहोनी असे तरुण हाताशी धरून संघ बांधला. १९३९-४० मध्ये पुण्यात बडोद्याविरुद्ध हजाऱ्यांनी नाबाद ३१६ केल्या आणि त्याच मोसमात महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला. पुढच्या वर्षी, १९४०-४१ ला, पुन्हा जिंकला.

त्या दुसऱ्या वर्षीचा मुंबईविरुद्धचा सामना माझ्या वडिलांच्या तोंडून मी कितीदा ऐकला असेन. ते तेव्हा पुण्यात शिकत होते. महाराष्ट्राच्या ६७५ धावा, त्यावर मुंबईच्या ६५०. आघाडी फक्त पंचवीसची! त्यात देवधरांच्या एकट्याच्या २४६, आणि वय अठ्ठेचाळीस. वडील म्हणायचे, "अरे, त्या वयात लोक जावई शोधतात!" पन्नाशी उलटल्यावर, १९४४-४५ च्या हंगामात, नवानगरविरुद्ध त्यांनी दोन्ही डावांत शतकं ठोकली, १०५ आणि १४१. पहिल्या महायुद्धाआधी सुरू झालेली ही खेळी दुसरं महायुद्ध संपल्यावर थांबली. एकूण ८१ सामने, ४५२२ धावा.

आता दुसरी बाजू. देवधर क्रिकेट मंडळाचे उपाध्यक्ष होते, महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष होते, राष्ट्रीय निवड समितीवर होते. ही पदं वाचायला कोरडी वाटतात. मी चौतीस वर्षं बँकेत काढली, मला त्यांचा अर्थ वेगळा लागतो. बँकेत काउंटरवरच्या माणसाला सगळं गाव ओळखतं. रात्री दिवे लावून दिवसाचा हिशेब जुळवणारा कुणाला दिसत नाही. पण तो नसेल तर दुसऱ्या दिवशी शटर उघडता येत नाही. खेळाचंही तसंच. मैदान मिळवणं, सामने लावणं, लांबच्या गावातल्या पोराचं नाव समितीपुढे मांडणं, ही कामं कुणाला तरी करावीच लागतात.

आणि खेळ त्यांनी घरातल्या पुरुषांपुरता ठेवला नाही. त्यांच्या मुलींनी, तारा, सुंदर आणि सुमन देवधर यांनी, १९४० च्या दशकात बॅडमिंटनच्या राष्ट्रीय स्पर्धा गाजवल्या. त्या काळात मराठी मध्यमवर्गातल्या मुलीने रॅकेट घेऊन परगावी सामन्याला जायचं, याला घरच्यांचा पाठिंबा किती लागला असेल, हे आपल्या आई-मावशीच्या पिढीला विचारा.

१९७३-७४ पासून त्यांच्या नावाने विभागीय संघांची एकदिवसीय देवधर ट्रॉफी सुरू झाली. १९६५ मध्ये पद्मश्री आणि १९९१ मध्ये पद्मविभूषण मिळालं. २४ ऑगस्ट १९९३ रोजी ते गेले, वयाची शंभरी ओलांडून. १९९६ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीटही निघालं. महाराष्ट्राने मात्र १९४०-४१ नंतर रणजी जिंकलेली नाही. १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४, तीनदा अंतिम फेरी गाठली, तीनदा हात रिकामे.

हे सगळं आज लिहिण्याचं कारण सांगतो. आमच्या सोसायटीतल्या मोकळ्या जागेवर पेव्हर ब्लॉक टाकून पार्किंग करायचं घाटतंय. गाड्या वाढल्यात, अडचण खरी आहे. पण मग ही तीस-चाळीस पोरं कुठे जातील? अकादमीची फी भरणं सगळ्यांना जमत नाही. लूमवर बारा तास काढणाऱ्या बापाला तर नाहीच नाही. टीव्हीवर मॅच बघण्याने घरात खेळ येत नाही, मंडळी. त्याला जागा लागते, आणि ती जागा राखणारा कुणीतरी लागतो.

मी मीटिंगमध्ये एवढंच मांडलंय, की अर्धी जागा गाड्यांना द्या आणि अर्धी राखा. राखलेल्या जागेची झाडलोट, रविवारचे सामने, स्कोअरची वही हे सगळं मी बघतो. माझं वय बहात्तर आहे, पण वही लिहायला वय आड येत नाही. पुढच्या महिन्यात मतदान आहे. आतापर्यंत अकरा घरं माझ्या बाजूने आहेत, एकोणीस लागतात.

तुमच्या गावात, तुमच्या घराण्यात असा खेळ चालवणारा कुणी होता का? आखाडा असो, खो-खोचं मैदान असो, नाहीतर बुद्धिबळाचा पट. नाव आणि गाव खाली जरूर लिहा. मी मुलांना वाचून दाखवीन.