अभियंत्याची भाषा आणि आमचे पाणी



विद्यापीठातील अभ्यासक्रमांच्या इतिहासावर बोलायला माझ्यासारख्याला उभे करणे म्हणजे जो कधी पंक्तीला बसला नाही त्याला स्वयंपाकाविषयी विचारण्यासारखे आहे. माझी शाळा नववीत सुटली. पुढे जे शिकलो ते वणीच्या कोळसापट्ट्यात, कामगारांच्या वस्तीत आणि नोटिसा वाचता वाचता. पण पंक्तीबाहेर उभे राहणाऱ्याला एक गोष्ट मात्र नीट दिसते : पान कोणापुढे मांडले आणि कोणापुढे नाही. त्या जागेवरून जे दिसले तेवढेच आज सांगणार आहे.

1990 नंतरच्या दशकातली गोष्ट. माझ्या एका सोबत्याला आरोपपत्र आले. कागद इंग्रजीत टाइप केलेला. बाबू म्हणाला, “मिळाल्याची सही कर.” त्याने केली. पंधरा दिवसांनी वकिलाने वाचून दाखवले, तेव्हा कळले की खाली ‘आरोप मान्य आहेत’ अशा अर्थाचेही एक वाक्य होते. त्याच आठवड्यात मी एस. टी. स्टँडवरच्या दुकानातून इंग्रजी-मराठी कोश विकत घेतला आणि रोज दहा शब्द या हिशेबाने इंग्रजीशी झटापट सुरू केली. म्हणून आरंभीच सांगून ठेवतो : मी इंग्रजीच्या विरुद्ध नाही. ज्याला ती येत नाही त्याच्याच पाठीवर तिचा सोटा बसतो, हे मी पाहिले आहे. 1952 च्या खाण अधिनियमात कायद्याचा गोषवारा खाणीवर इंग्रजीत आणि त्याखेरीज ठरवून दिलेल्या भाषेतही लावावा, असे कलम होते. कायदा करणाऱ्यांना ही अडचण ठाऊक होती. अभियंता घडवणाऱ्यांना ती किती ठाऊक होती, हा आपला प्रश्न आहे.

पुष्कळांना वाटते की अभियांत्रिकी आणि इंग्रजी या जुळ्या बहिणी आहेत. तसे नाही. 1823 मध्ये मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली इंजिनियरिंगचे शिक्षण देणारी संस्था निघाली, तेथे या देशातल्या मुलांना मराठी आणि गुजराती या भाषांतून शिकवीत. जर्व्हिससाहेबांनी शास्त्रीमंडळींच्या मदतीने गणिताचे ग्रंथ मराठीत उतरवले. तेथून निघालेले तरुण जमीनमोजणीच्या कामावर गेले. साखळी धरणारा गडी, बांधावर उभा असलेला कुणबी आणि मोजणी करणारा, तिघेही एकच भाषा बोलत. सरकारला त्या वेळी स्वस्तात मोजणीदार हवे होते, हेही खरेच. साहेबाच्या उदारपणाचे फार कौतुक नको. पण काम मराठीत होऊ शकत होते, ही गोष्ट शाबीत झाली होती.

पुढे वारे फिरले. 1843 मध्ये सर अर्स्किन पेरी मुंबईच्या शिक्षणमंडळाचे अध्यक्ष झाले आणि वरचे शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे असा त्यांनी आग्रह धरला. जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट हे देशी भाषांच्या बाजूने त्यांच्याशी भांडले. 1854 मध्ये पुण्यात इंजिनियरिंगचा वर्ग निघाला तो बांधकामखात्याला हाताखालची माणसे पुरवण्यासाठी. 1857 मध्ये मुंबईचे विद्यापीठ आले आणि पदवीची भाषा इंग्रजी ठरली. तेव्हापासून अभियंत्याने वरच्याला कसे लिहावे हे शिकवले गेले. खालच्याला कसे सांगावे, हा विषय वेळापत्रकातून गळाला. आमच्या जिल्ह्याचे तर नावच त्या दप्तरात बिघडले होते. 1905 पर्यंत हा ‘वून’ जिल्हा होता. वणीचे वून झाले आणि कोणी ते दुरुस्त करून मागितले नाही.

आता दुसरा धागा, पाण्याचा. आज ज्याला पर्यावरण अभियांत्रिकी म्हणतात तिचे जुने नाव सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी. पाणी गाळणे, मैलापाणी वाहून नेणे, हा तिचा संसार. त्या शास्त्राची देशातली मोठी संशोधनसंस्था 1958 मध्ये आमच्या शेजारी नागपुरात निघाली. 1974 मध्ये तिचे नाव बदलून राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था असे झाले. तिलाच आपण ‘नीरी’ म्हणतो. याच संस्थेने फ्लोराइडयुक्त पाण्यावर तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर यांचा उपाय बसवला. नलगोंड्यावरून त्या पद्धतीला नाव पडले. चुना तर आमच्या राजूरच्या भट्ट्यांतही निघतो! आणि वणी, मारेगाव, झरी, पांढरकवडा या पट्ट्यातल्या काही बोअरच्या पाण्यात तेच फ्लोराइड आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर ते गेले की मुलांच्या दातांवर डाग पडतात, आणि प्रमाण वाढत गेले, वर्षानुवर्षे तेच पाणी पोटात गेले, की हाडे धरतात. उपाय नागपुरात, दुखणे आमच्याकडे, आणि मधल्या वाटेवर सांगणारा माणूस नाही.

आमच्या जिल्ह्यात अभियांत्रिकीचे शिक्षण आले ते फार उशिरा. पुसदला बाबासाहेब नाईकांच्या नावाचे महाविद्यालय 1983 मध्ये, यवतमाळला जवाहरलाल दर्डा यांच्या नावाचे 1996 मध्ये. 1983 मध्येच अमरावतीचे विद्यापीठ नागपूरपासून वेगळे झाले. खाणकामगाराचा, कापूस वेचणारीचा मुलगा अभियंता होऊ लागला, ही लहानसहान गोष्ट नव्हे. माझ्या चाळीत पहिला अभियंता झाला तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. तो पहिल्याच वर्षी कशाला घाबरला असेल तर गणिताला नव्हे, इंग्रजीच्या तोंडी परीक्षेला.

पर्यावरणाचा विषय मात्र विद्यापीठांनी आपण होऊन आणलेला नाही. एम. सी. मेहता या वकिलांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 22 नोव्हेंबर 1991 रोजी हा विषय शिक्षणात सक्तीचा करा असा आदेश दिला. बारा वर्षे बहुतेक ठिकाणी तो कागदावरच राहिला. 2003 मध्ये न्यायालयाने पुन्हा बजावले, तेव्हा कोठे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम तयार केला आणि 2004 पासून तो वर्गात आला. 2018 मध्ये तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकीचा नमुना अभ्यासक्रम काढला. त्यात इंग्रजीला 3 क्रेडिट दिले; पर्यावरण सक्तीचे, पण क्रेडिट शून्य. विद्यार्थी हुशार असतात. शून्याचा अर्थ त्यांना समजावून सांगावा लागत नाही.

आणि इंग्रजीचे ते 3 क्रेडिट कशासाठी? अर्ज, परिचयपत्र, मुलाखत, गटचर्चा. म्हणजे नोकरी मिळेपर्यंतचे सारे काही. नोकरी लागल्यावर ज्याच्या विहिरीशेजारी खड्डा खणायचा त्याच्याशी काय बोलायचे, हे त्यात नाही. दोन्ही विषय एकाच इमारतीत शिकवले जातात आणि त्यांची एकमेकांशी ओळख नाही, असा प्रकार आहे.

हा प्रश्न वर्गात राहता तर मी एवढा वेळ घेतला नसता. 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या खाणीला पर्यावरणाची मंजुरी हवी असेल तर बहुधा जनसुनावणी घ्यावी लागते. अहवालाचा सारांश इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत द्यावा, असा नियम आहे. नियम चांगलाच आहे. एका खाणीच्या सुनावणीला मी गेलो होतो. इंग्रजी अहवाल उशाला घ्यावा एवढा जाड. मराठी सारांश थोड्या पानांचा, आणि तोही अशा मराठीत की वाचणाऱ्याला इंग्रजीच बरी वाटावी. ‘भूजलपातळीतील अवनमनाचा प्रभावक्षेत्रीय विस्तार’, हे मराठी आहे? उघड्या खाणीचा खड्डा भूजलाच्या खाली गेला की पंप लावून पाणी उपसावे लागते, आणि मग आजूबाजूच्या विहिरींचे पाणी उताराला लागून खड्ड्याकडे सरकते. एवढाच त्याचा अर्थ. सभेत एकानेही त्यावर प्रश्न विचारला नाही. इतिवृत्तात काय नोंदले गेले असेल ते सांगायला नको.

आणि 2017 चा पावसाळा या जिल्ह्यात कोण विसरेल? कपाशीवर फवारणी करता करता शेकडो माणसे इस्पितळात गेली, वीसहून अधिक दगावली. 1971 च्या नियमांप्रमाणे औषधाच्या डब्याबरोबर इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक भाषांत माहितीपत्रक असायला हवे. पण घडी घातलेला तो कागद मुंगीच्या अक्षरात छापलेला असतो, दुकानदार आणि मालक यांच्यात कोठे तरी हरवतो, आणि पंप पाठीवर घेणारा मजूर तिसराच असतो. त्याला सांगायचे कोणी?

आमच्या विद्यापीठाला 2005 पासून संत गाडगेबाबांचे नाव आहे. बाबा दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडीत आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला प्रश्न विचारीत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, तरी त्यांचे बोलणे न समजलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. त्यांच्या नावाच्या विद्यापीठात पाण्याचा विषय आणि सांगण्याचा विषय वेगवेगळ्या पेपरांत का असावेत, हे मला कळत नाही. माझे मागणे मोठे नाही. 2021 पासून तंत्रशिक्षण परिषदेने मराठीतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली आहे, ती जेथे चालेल तेथे चालो. पण इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलालाही शेवटच्या वर्षी एक खरा अहवाल द्यावा, त्याचा मराठी गोषवारा त्याला लिहायला लावावा, आणि गुण कोणी द्यावे तर गावातल्या चार माणसांनी, प्रश्न विचारून.

हे आम्ही एकदा करून पाहिले. अभियांत्रिकीत शिकणारी दोन कामगारांची मुले युनियनच्या खोलीवर चार संध्याकाळ बसली आणि तोच जाड अहवाल वाचून त्यांनी सहा पाने लिहिली. पाचव्या दिवशी ती वस्तीत वाचून दाखवली. पाणी इतके मीटर खाली जाईल, असे वाक्य आले तेव्हा मागे बसलेल्या एका म्हातारीने विचारले, “पोरा, मीटर राहू दे. माह्या विहिरीचा दोर किती हात वाढवावा लागन ते सांग.” दोघांनी एकमेकांकडे पाहिले, कागद पुढे ओढला आणि हिशेब मांडायला घेतला.