विजेचा प्रवाह तोडावा कसा?

1860 सालीं जी. आय. पी. रेल्वेचा रूळ सोलापुरास येऊन पोंचला. त्याच मार्गावर, पुणें आणि मुंबई यांच्या दरम्यान, 1930 पर्यंत वाफेच्या इंजिनाची जागा विजेच्या इंजिनानें घेतली. सोलापूरच्या उतारूस पुण्यास इंजिन बदललें एवढेंच जाणवे. परंतु पुण्यापुढें डोक्यावरच्या तारेंत जो प्रवाह वाहत होता, तो प्रसंगीं तोडावयाचा कसा, या प्रश्नानें इंजिनिअरांस चांगलेंच गुंतवून ठेविलें होतें. त्याची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

ही वीज 1500 व्होल्टची आणि एकाच दिशेनें वाहणारी, म्हणजे डायरेक्ट करंट. 3 फेब्रुवारी 1925 रोजीं बोरीबंदरापासून कुर्ल्यापर्यंत हिंदुस्थानांतील पहिली विजेची आगगाडी धावली, ती याच प्रवाहावर. 1500 हा आंकडा ऐकून आपण दचकाल. पण आंतरराष्ट्रीय संकेताप्रमाणें एकदिश विजेच्या बाबतींत 1500 व्होल्टपर्यंतचा दाब 'कमी दाब' या वर्गांतच मोडतो. दाब कमी म्हणून धोका कमी, असें मात्र नाहीं. दाब कमी असला कीं तेवढ्याच कामास प्रवाह अधिक लागतो, आणि तारा तापतात त्या प्रवाहानें.

रक्षणाचा विचार विजेच्या दिव्याइतकाच जुना आहे. एडिसननें न्यूयॉर्कमध्यें पर्ल स्ट्रीटवरील वीजघर 4 सप्टेंबर 1882 रोजीं सुरूं केलें. तेथील प्रवाहही एकदिशच होता. परंतु त्याच्या आधींच, 1880 सालीं, त्यानें फ्यूजचें पेटंट घेतलें होतें. प्रवाह मर्यादेबाहेर वाढला कीं फ्यूजची बारीक तार स्वतः वितळते आणि घर वांचविते. दिव्यांस हा उपाय पुरे; पण प्रत्येक वेळीं नवी तार बसवीपर्यंत आगगाडी कोठवर थांबणार? म्हणून तेथें पुन्हां मिटवितां येणारा सर्किट ब्रेकर आला.

येथें एकदिश विजेचा हट्टी स्वभाव आड येतो. आपल्या घरांतील प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदास पन्नास आवर्तनें करतो, म्हणजे शंभर वेळां शून्यावर येतो. स्विचचीं टोकें दूर होतांना जी ठिणगी पेटते, तिला दर शून्यास विझण्याची संधि मिळते. एकदिश प्रवाह आपण होऊन शून्यावर येत नाहीं. टोकांमधील हवा तापून वाहक बनते आणि ठिणगीची धगधगती कमान होते. मग चुंबकाच्या जोरानें ती कमान एका खोक्यांत फुंकून न्यावी लागते, तेथील पडद्यांमधून ताणावी लागते, थंड करावी लागते; इतकी, कीं तिला टिकण्यास लागणारा दाब पुरवठ्याच्या दाबाहून अधिक व्हावा. हें सर्व सेकंदाच्या कांहीं शतांशांत उरकावयाचें, कारण शॉर्ट सर्किटचा प्रवाह क्षणोक्षणीं चढत असतो.

भोर घाटासारख्या ठिकाणीं पेंच याहूनही नाजूक. तेथील चढ 37 फुटांस 1 फूट. अवजड गाडी घेऊन इंजिन निघतें तेव्हां तें प्रचंड प्रवाह ओढतें. उलट, सबस्टेशनापासून दूर तार तुटून पडली, तर मधल्या रोधामुळें दोषाचा प्रवाह इंजिनाच्या प्रवाहाहून कमीही भरूं शकतो. मग चोर कोण आणि साव कोण, हें ओळखावें कसें? ब्रेकरची मर्यादा खालीं ठेवावी, तर चढावर गाडी अडणार. वर ठेवावी, तर पडलेली तार जिवंतच राहणार, आणि तिच्यापाशीं जाणाऱ्या गँगमनच्या प्राणाशीं गांठ. एकदिश विजेच्या रेल्वेंनीं यावर दोन उपाय योजिले. तारेचे भाग पाडून एका टोकाचा ब्रेकर उघडतांच दुसऱ्या टोकाच्या ब्रेकरासही तसा संदेश पोंचवावयाचा, हा पहिला. प्रवाह किती आहे यापेक्षां तो किती वेगानें वाढतो आहे हें पाहावयाचें, हा दुसरा. इंजिनाचा प्रवाह पायरीपायरीनें चढतो. दोषाचा एकदम उसळतो.

मुंबईंतील ही एकदिश राजवट 2016 च्या एप्रिलांत हार्बर मार्गावर संपली. 10 फेब्रुवारी 2023 रोजीं सुरूं झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत गाडी 25 हजार व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेवर धावते. प्रश्न मात्र संपला नाहीं; तो रुळांवरून उतरून गच्चीवर चढला आहे. सोलर पॅनेलांतून निघणारी वीज एकदिशच असते, आणि ओळीनें जोडलेल्या पॅनेलांचा दाब कित्येक शें व्होल्ट होतो. त्यांचा शॉर्ट सर्किट प्रवाह नेहमींच्या प्रवाहाहून थोडाच अधिक असल्यामुळें साध्या फ्यूजला तो ओळखूं येत नाहीं. पुन्हां तोच चोर आणि साव यांचा प्रश्न. आणि ऊन आहे तोंवर पुरवठा चालूच. अशा ठिकाणीं घरगुती प्रत्यावर्ती विजेचा साधा स्विच बसविला, तर उघडतांना त्याची कमान विझेलच असें नाहीं, आणि आग लागूं शकते. सोलापूरच्या उन्हाचा लाभ आपण अवश्य घ्यावा. परंतु गच्चीवरील खटका एकदिश विजेसाठींच आणि तेवढ्या दाबासाठीं बनविलेला आहे काय, हें त्यावर वाचून पाहिल्यावांचून तो बसवूं देऊं नये.