सोळा आणे डाव

इंग्रजी भाषेशी माझे संबंध पहिल्यापासून जिन्यात भेटणाऱ्या शेजाऱ्यासारखे आहेत. रोज दिसते, मान हलवून ओळख देते. पण घरात बोलावून चहा पाजावा इतका घरोबा काही झाला नाही. पाचवीत एबीसीडी गिरवली, बी.कॉम. 'डेबिट' आणि 'क्रेडिट' या दोन शब्दांवर निभावलं, आणि बँकेत चिकटल्यावर 'काइंडली डू द नीडफुल' या चार शब्दांवर वीस वर्षं सुखाने काढली.

अशा माणसाच्या पोटी इंग्रजी माध्यमातली मुलगी जन्माला येते, याला पूर्वसंचित म्हणतात. सातवीतल्या आमच्या कन्येने वाढदिवसाला 'स्क्रॅबल' मागितलं, तेव्हा मला वाटलं, कॅरमचाच काहीतरी प्रकार असेल. खोकं उघडलं तर आत चौकटींचा पट आणि इंग्रजी अक्षरांच्या शंभर सोंगट्या! प्रत्येकाने सात सोंगट्या घ्यायच्या, त्यांतून शब्द जुळवून पटावर मांडायचे आणि गुण मिळवायचे.

पहिल्या दिवशी तिने 'जिंक्स्ड' असा शब्द लावला. मी 'कॅट' लावला. पुढच्या पाळीला तिने आणखी काहीतरी अगम्य लावलं. मी मोठ्या हिकमतीने माझ्याच 'कॅट'ला एस जोडून त्या मांजराची मांजरं केली. डाव संपला तेव्हा तिचे गुण होते तीनशे बारा आणि माझे चौऱ्याण्णव. आमची ही भाजी निवडत बसली होती. ती म्हणाली, "तुमच्या शब्दांपेक्षा खोक्यावरची किंमत लांब आहे हो."

असे सतरा डाव हरलो. हरण्याचं दुःख नव्हतं. बुद्धिबळात मी वॉचमनकडूनही हरतो. टोचत होतं ते वेगळंच. प्रत्येक डावानंतर कन्या खांद्यावर हात ठेवून म्हणायची, "इट्स ओके बाबा, तू मराठी मीडियमचा ना!" शाळेच्या पालकसभेत मी गेली सात वर्षं शेवटच्या रांगेत का बसतो, हे पोरीला कळलं होतं तर!

पराभूत माणसापुढे दोनच मार्ग असतात : देवाला शरण जाणं किंवा शत्रूचा इतिहास वाचणं. देवाकडे आमची आधीचीच पुष्कळ थकबाकी असल्यामुळे मी इतिहासाकडे वळलो.

आता गंमत पाहा. मला वाटत होतं, हा खेळ ऑक्सफर्डच्या एखाद्या प्राध्यापकाने काढला असेल. तर तो काढला अमेरिकेतल्या एका बेकार माणसाने! आल्फ्रेड बट्स त्याचं नाव. धंद्याने आर्किटेक्ट. 1929 साली तिकडचा शेअरबाजार कोसळला, मंदी आली आणि 1931 साली या गृहस्थांची नोकरी गेली. रिकामा वेळ भरपूर. लोकांना खेळायला काहीतरी द्यावं, त्यात थोडं नशीब असावं आणि थोडं कसब असावं, असं त्यांच्या मनात आलं. मग कोणतं अक्षर किती वेळा लागतं हे ठरवायला त्यांनी काय केलं असेल? 'न्यूयॉर्क टाइम्स'चं पहिलं पान पुढ्यात घेतलं आणि त्यातली अक्षरं मोजायला सुरुवात केली!

इथे मी वाचता वाचता उठून बसलो. वर्तमानपत्र समोर धरून तासन्‌तास बसायचं आणि त्याला काम म्हणायचं? हा तर आमच्याच बिरादरीतला माणूस!

त्या शिरगणतीतूनच आजच्या सोंगट्या आल्या. ई फार लागतं, म्हणून ई बारा, गुण फक्त एक. क्यू आणि झेड क्वचित लागतात, म्हणून एकेकच, पण गुण दहा-दहा. एस हे अक्षर छापील मजकुरात बोकाळलेलं असतं; पण त्याची खिरापत वाटली तर जो तो एकाचे अनेक करत सुटेल (मी मांजराचं केलं तसं), म्हणून बट्सनी ते हात आखडून चारच दिलं. शिवाय दोन सोंगट्या अगदी कोऱ्या. त्यांना गुण शून्य, पण हव्या त्या अक्षराच्या जागी बसतात. असे लोक प्रत्येक ऑफिसात असतात.

आणखी एक गोष्ट कळली आणि माझं वजन किलोभराने वाढलं. बट्ससाहेब स्पेलिंगमध्ये कच्चे होते! स्वतः काढलेल्या खेळात त्यांना त्यांची बायको नीना हरवायची. या बाई पूर्वी त्यांच्या शाळेत शिक्षिका होत्या. ज्याने आपल्याच बाईंशी लग्न लावलं, त्याने स्पेलिंगच्या चुकांची दाद मागायची कुणाकडे?

खेळ झाला, पण घेणार कोण? बट्स कंपन्यांचे उंबरे झिजवत राहिले आणि कंपन्या नकाराची पत्रं पाठवत राहिल्या. अखेर 1948 साली जेम्स ब्रूनो नावाच्या गृहस्थांनी तो हातात घेतला, 'स्क्रॅबल' हे नाव दिलं आणि दर संचामागे बट्सना काही सेंट द्यायचं कबूल केलं. 1949 साली ब्रूनोंनी चोवीसशे संच केले आणि साडेचारशे डॉलरचा तोटा सोसला. अशी बॅलन्सशीट घेऊन ते आमच्या शाखेत आले असते, तर त्यांना पाणी विचारून आम्ही परत पाठवलं असतं. पण 1952 च्या सुमाराला, असं सांगतात, न्यूयॉर्कच्या मेसीज या बड्या दुकानाचे प्रमुख सुट्टीवर असताना हा खेळ खेळले. परत येऊन पाहतात तो आपल्याच दुकानात तो नाही! ऑर्डर गेली आणि खेळ भडकला. मग ज्या कंपनीने पूर्वी नाक मुरडलं होतं, तिनेच तो बनवायला घेतला. गरज असताना कर्ज नाकारायचं आणि पैसा आल्यावर घरी दिवाळीची डायरी पाठवायची, ही रीत साता समुद्रापलीकडेही आहे, हे वाचून बरं वाटलं.

पण मला पाहिजे होतं ते पुढे सापडलं. साठीच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये टाइम्स स्क्वेअरजवळच्या एका बुद्धिबळाच्या अड्ड्यावर लोक पैसे लावून स्क्रॅबल खेळायला लागले. आता, घरात चहा पीत खेळणाऱ्याला शब्द सुंदर असला की पुरतो. खिशातले डॉलर लावलेल्याला तो परवडावा लागतो. या जुगारी मंडळींच्या ध्यानात आलं, की हा खेळ भाषेचा नाहीच. हा हिशेबाचा आहे!

तो हिशेब असा. प्रत्येक पाळीला दोन खाती असतात. एक, आज किती गुण मिळाले. दुसरं, हातात काय उरलं. समजा, एका शब्दाला वीस गुण आहेत, पण तो लावला की हातात दोन यू, एक आय आणि एक व्ही एवढा गाळ राहतो. दुसऱ्या शब्दाला पंधराच गुण, पण मागे ई, आर आणि एस अशी गुणी मंडळी उरतात. नवशिका वीस उचलतो. जाणता पंधरावर समाधान मानतो. कारण सातही सोंगट्या एकदम लावल्या की पन्नास गुण जादा मिळतात, आणि अशी अक्षरं हाती असली तर ते पुढच्या पाळीला पदरात पडायचा संभव असतो. कधी कधी तर सगळाच गाळ असतो. तेव्हा एक पाळी बुडवून सोंगट्या बदलून घेतो, पण रडतखडत खेळत नाही. मी हे तत्त्वज्ञान हिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "यात नवीन काय? सगळं तूप आजच्याच वरणावर ओतलं तर उद्या पाहुण्यांना काय वाढणार?" म्हणजे अड्ड्यावरच्या जुगाऱ्यांना जे कळायला रात्री जागवाव्या लागल्या, ते आमच्या ओट्यापाशी रोज फुकट मिळत होतं.

डावपेच नियमावरही ठरतात. ब्रिटनमध्ये 1971 साली राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. तिथे पुष्कळ वर्षं नंबर ठरायचा तो एकूण गुणांवर. किती जणांना हरवलं यावर नव्हे. परिणाम असा, की समोरासमोर बसलेले दोन प्रतिस्पर्धी एकमेकांना जागा मोकळ्या ठेवायचे. तू घे, मीही घेतो! अमेरिकेत जिंकण्याला महत्त्व, म्हणून तिथे पुढे असलेला खेळाडू पट कोंडून टाकायचा आणि मागे पडलेला तो उघडायची धडपड करायचा. खेळ तोच, सोंगट्या त्याच, वागणं मात्र उलटं. हे आम्हाला पुस्तकातून शिकायला नको. बँकेत ठेवींचं टार्गेट येतं तेव्हा आम्ही रस्त्यावरच्या माणसालाही खुर्ची देतो, आणि वसुलीचं टार्गेट आलं की त्याच खुर्चीवरच्या माणसाला उभं करतो.

आणि मग मला भेटले न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स. 2007 साली जागतिक स्पर्धा चक्क आपल्या मुंबईत भरली होती. मी तेव्हा नोकरीला नवा होतो आणि बहुधा कुणाचं तरी पासबुक भरत होतो. अंतिम फेरीत रिचर्ड्सनी मलेशियाच्या गणेश अशीर्वादम यांना सलग तीन डावांत हरवलं. याच रिचर्ड्सची एक जुनी चाल अजून सांगितली जाते. हातात सी, डी, एच, एल, एन, आर आणि एक कोरी सोंगटी. पटावरचा एक ई धरला की 'चिल्ड्रन' हा शब्द सरळ होत होता. पन्नास जादा गुण खिशात. दुसरा कुणीही टाळ्या वाजवून मोकळा झाला असता. यांनी पटावर एकमेकांपासून सुटे पडलेले दोन ओ आणि एक ई हेरले, त्यांच्या मधल्या जागांत आपली सातही अक्षरं भरली आणि 'क्लोरोडाइन' हा दहा अक्षरी शब्द उभा केला! शोध घेतला तेव्हा कळलं, की क्लोरोडाइन हे एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या इंग्रजी फौजेच्या एका डॉक्टरने पटकीवर काढलेलं अफूमिश्रित औषध. हातातल्या अक्षरांकडे सगळेच बघतात. रिचर्ड्स पटावर इतरांनी सांडलेली अक्षरंही आपलीच समजत होते.

पण खरा धक्का पुढे आहे. 2015 साली या माणसाने फ्रेंच भाषेतली जागतिक स्पर्धा जिंकली. त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हतं! नऊ-एक आठवडे फ्रेंच शब्दकोश पाठ केला, गेले आणि जिंकून आले. 2024 साली स्पॅनिशची पाळी आली. तीही जिंकली. थायलंडचे खेळाडू तर इंग्रजीत दोन वाक्यं बोलायला बिचकत असूनही 2003 आणि 2009 साली इंग्रजीतले जगज्जेते झाले आहेत.

वाचकहो, त्या रात्री मला झोप आली नाही. ज्या भाषेला मी आयुष्यभर शेवटच्या रांगेत बसून घाबरलो, तिचा हा खेळ स्पेलिंग न येणाऱ्याने काढला, जुगाऱ्यांनी शिकवला आणि ती भाषा न बोलणारे जिंकून गेले. मग मोजण्यात हयात घालवलेल्या माणसाने का घाबरायचं?

अठराव्या डावाला मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि बँकेत नोटा मोजाव्यात तशा पटावरच्या सोंगट्या मोजत गेलो. शेवटाला पिशवी रिकामी झाली, तेव्हा कन्या चोवीस गुणांनी पुढे होती. माझ्या हातात पाच सोंगट्या, तिच्या हातात दोन. कागदाने सांगितलं : तिच्याकडे एक ओ आहे आणि एक क्यू. तो क्यू बसायला पटावर एकच जागा होती, एका आयच्या डोक्यावर. 'क्यूआय' हा दोन अक्षरी शब्द झाला की त्या दुप्पट गुणांच्या घरात तिला बावीस मिळणार.

माझ्यापुढे दोन वाटा होत्या. एका ठिकाणी दोन सोंगट्यांना रोख बावीस गुण मिळत होते. दुसऱ्या ठिकाणी त्याच दोघींना फक्त सहा. पण ती क्यूची जागा बंद होत होती. जन्मात कधी एका चालीला बावीस मिळाले नव्हते. हात तिकडे गेलाही. मग वरणावरचं तूप आठवलं आणि मी सहा घेतले.

कन्येचा चेहरा पडला. तिने ओ लावून चार गुण घेतले. आता ती बावीसने पुढे, हातात एकटा क्यू. माझ्याकडे उरले होते एक ए आणि दोन एन. कोपऱ्यातल्या तिप्पट गुणांच्या घरापाशी एक मोकळा ए कधीचा उभा होता. मी तीनही सोंगट्या मांडल्या : ए, एन, एन, ए. चार त्रिक बारा.

"बाबा, हे खालच्या मजल्यावरच्या अण्णाआजोबांचं नाव आहे. नावं चालत नाहीत!" ती ओरडली.

मी म्हटलं, "डिक्शनरी बघ."

तिने बघितली. हिंदुस्थानातलं जुनं नाणं, रुपयाचा सोळावा हिस्सा. तिच्या हाती अडकलेल्या क्यूचे दहा तिच्या खात्यातून वजा झाले, माझ्या खात्यात जमा झाले, आणि मी दहा गुणांनी जिंकलो. मोहात पडून ते बावीस घेतले असते, तर बरोबर दहानेच हरलो असतो. मी दोनदा टोटल मारून पाहिली.

"आणा म्हणजे खरंच पैसे होते?" तिने विचारलं. मग मी तिला सांगितलं, की 1957 साली नवे पैसे आले तरी तिच्या आजोबांनी पंचवीस पैशांना शेवटपर्यंत चार आणेच म्हटलं. आणि खरी गोष्ट सांगायची असली की ते 'सोळा आणे' म्हणत. ती ऐकत राहिली. त्या दिवशी मीडियमचा विषय निघाला नाही.

दुसऱ्या दिवसापासून तीही कागद-पेन्सिल घेऊन बसते. त्यामुळे मी पुन्हा नियमित हरायला लागलो आहे. सध्याचा हिशेब तेवीस विरुद्ध एक असा आहे. पण गेल्या पालकसभेला मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. तो एक डाव सोळा आणे माझा आहे.