ड्रोनचा जन्म झाला तोच तोफेच्या तोंडी जायला

जानेवारी 1933. जिब्राल्टरजवळचा समुद्र. ब्रिटिश नौदलाच्या युद्धनौका एका विमानावर तोफा डागतायत. विमान फेअरी कंपनीचं, पाण्यावर उतरणारं. आत पायलट नाही, सगळा कारभार रेडिओवरून. अशी तीन विमानं तयार केली होती. पहिली दोन जहाजावरून सोडताच कोसळली. हे तिसरं.

दोन तास गोळीबार झाला. एकही गोळा लागला नाही!

ही फजिती समजून घ्यायची तर जरा मागे जावं लागतं. विमान मोठं की युद्धनौका, हा वाद तेव्हा जगभर पेटला होता. नौदलवाले म्हणायचे, विमान जवळ आलं तर आमच्या तोफा पाडतील. सराव मात्र कशावर? पुढे विमान, मागे लांब दोरीला बांधलेली कापडी नळी. पुढच्या विमानात जिवंत माणूस बसलेला, त्यामुळे ते संथ आणि सरळ रेषेत जाणार, आणि तोफवाले जपूनच मारणार. अशा परीक्षेत पास व्हायला काय लागतं?

पायलट नसलेल्या विमानाने हा भ्रम दोन तासांत उतरवला.

मग खास या कामासाठी स्वस्त विमान हवं झालं. 1935 मध्ये डी हॅविलंड कंपनीचं 'क्वीन बी', म्हणजे राणीमाशी, उडालं. वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी प्रसिद्ध असलेल्या टायगर मॉथचंच हे भावंड, पण सांगाडा लाकडी. लाकूड स्वस्त पडायचं आणि समुद्रात पडलं तरी तरंगायचं. हुकूम कसा द्यायचा? जुन्या लँडलाइन फोनला असायची तशी गोल तबकडी! आकडा फिरवला की विमान डावीकडे, दुसरा फिरवला की उजवीकडे. अशी सुमारे 400 विमानं बनली. जून 1941 मध्ये, ऐन युद्धात, खुद्द चर्चिल या राणीमाशीचं उड्डाण बघायला गेले होते.

'ड्रोन' हा शब्दही इथूनच आला, असं मानलं जातं. अमेरिकन नौदलाचे प्रमुख ॲडमिरल स्टँडली यांनी ब्रिटनमध्ये हे प्रात्यक्षिक पाहिलं आणि तसंच काहीतरी बनवायचं काम डेल्मर फार्नी या अधिकाऱ्याकडे सोपवलं. ब्रिटिशांची राणीमाशी, तर आपला ड्रोन, म्हणजे नर मधमाशी! पुढे रेजिनाल्ड डेनी नावाच्या हॉलिवूडच्या नटाने रेडिओप्लेन कंपनी काढून अशी लहान विमानं हजारोंनी बनवली. त्याच कारखान्यात काम करणाऱ्या एका मुलीचे फोटो लष्कराच्या फोटोग्राफरने काढले. नाव नॉर्मा जीन. जग तिला पुढे मेरिलिन मन्रो म्हणून ओळखू लागलं.

पण माझं मन अडकतं ते त्या दोन तासांवर. परीक्षेने सांगायचं ते सांगितलं होतं, पण तेवढ्याने तोफा सुधारत नाहीत. 10 डिसेंबर 1941 रोजी मलायाच्या किनाऱ्याजवळ जपानी विमानांनी 'प्रिन्स ऑफ वेल्स' आणि 'रिपल्स' या दोन बलाढ्य ब्रिटिश युद्धनौका बुडवल्या. 800 हून जास्त माणसं गेली. जपान्यांची विमानं पडली ती अवघी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

आपल्याकडेही मॉकड्रिलची तारीख-वेळ आधी कळवली जाते. साहेब तपासणीला येणार म्हणून आदल्या दिवशी भिंती रंगतात, रजिस्टरं भरतात. सगळे पास! खरी आग लागते, खरा पूर येतो, तेव्हा मात्र तो आधी कळवून येत नाही.

म्हणून लग्नाच्या मांडवावर ड्रोन घिरट्या घालताना दिसला की मला त्याचा तो पणजोबा आठवतो. त्याचं काम एकच होतं: तोफेसमोर जायचं आणि आपल्याच माणसांना खरं काय ते दाखवायचं. असं खरं दाखवणारं कुणीतरी गावागावात हवं. आणि दाखवल्यावर ऐकणारंही.