मोक्षपट

मोक्षपट : कवड्यांच्या दानावर खेळायचा बैठा खेळ, सापशिडीचा मराठी पूर्वज. त्याची जन्मकथाच धाकट्यांना दिलेल्या भेटीची आहे. निवृत्तिनाथ व ज्ञानेश्वर माधुकरीला गेले की सोपान आणि मुक्ताई घरी एकटी पडत. त्यांच्या विरंगुळ्यासाठी थोरल्या भावांनी हा पट आखला, असे परंपरा सांगते. ज्ञानेश्वरांचे (१२७५–१२९६) जन्मस्थान मानले जाणारे आपेगाव छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात पैठणजवळ, गोदाकाठी आहे. कथेला समकालीन लेखी आधार नाही; हाती आलेले पट बरेच नंतरचे आहेत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतील वा. ल. मंजुळ यांनी मोक्षपटांचा शोध घेतला. पश्चिम भारतातील अशा पटांवर याकोब श्मिट-मॅडसेन यांनी २०१९ मध्ये कोपनहेगन विद्यापीठात प्रबंध सादर केला.

पटावरील घरांना नावे असतात. काम, क्रोध, मत्सर यांचे साप खाली ओढतात, दया-भक्तीच्या शिड्या वर नेतात आणि शेवटचे घर मोक्षाचे. दान पडले की मूल त्या घराचे नाव वाचते, अर्थ विचारते. खेळाचे खरे मोल या विचारण्यात आहे.

पट मांडून बसण्याची हौस या भागात ज्ञानेश्वरांहूनही जुनी. वेरूळच्या रामेश्वर लेण्यात (क्र. २१, सहावे शतक) शिव-पार्वती द्यूत खेळत आहेत आणि खाली गण नंदीची खोडी काढत आहेत. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी या शिल्पापाशी अवश्य थांबावे. घरोघरी मात्र पट विकत आणावा लागत नसे. कोळशाने किंवा खडूने फरशीवर पंचवीस घरे आखायची, चिंचोके दगडावर घासून एका बाजूने पांढरे करायचे, की चल्लस-आठ सुरू.

१८९० च्या दशकात सापशिडी इंग्लंडमध्ये छापली जाऊ लागली. आरंभी तिच्यावर काटकसर, उद्योग असे तिथले सद्गुण होते. पुढे तेही गेले आणि नुसते आकडे उरले. पच्चिशीवरून बेतलेल्या ल्यूडोने १८९६ मध्ये तिथेच पेटंट मिळवले. पुठ्ठ्याच्या एका बाजूला ल्यूडो, दुसऱ्या बाजूला सापशिडी, ही जोडी वाढदिवसाची स्वस्त आणि हमखास भेट ठरली. नोटा मोजायला लावणारा ‘व्यापार’ मोठ्या मुलांचा. अठ्ठ्याण्णववर गिळणारा साप आजही मुलांना रडवतो, पण आपल्याला कशाने गिळले हे छापील पट त्यांना सांगत नाही. मुलांना द्यायचा पट निवडताना नावांचा मोक्षपट मिळाला, तर तो आधी घ्यावा.