दोन कायदेमंत्री आणि कराचीचा झाडू

फाळणी म्हटली की हिंदू, मुसलमान, शीख आठवतात. तेव्हा अस्पृश्य कुठे होते, हे कुणी विचारत नाही.

१९४६ साली मुंबई प्रांतातून संविधान सभेत जाण्याची वाट बंद झाली, तेव्हा बाबासाहेबांना बंगालमधून निवडून आणण्यासाठी झटले ते बारिसालचे जोगेंद्रनाथ मंडल. ते शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे नेते. वर्षभरात देश फुटला. बाबासाहेब भारताचे कायदेमंत्री झाले आणि मंडल पाकिस्तानचे. पाकिस्तानच्या संविधान सभेची पहिली बैठकही मंडल यांच्याच अध्यक्षतेखाली भरली.

मंडल यांना मूर्ख ठरवणे सोपे आहे. पण बंगालमधला नमोशूद्र आणि मुसलमान शेतकरी, दोघेही सवर्ण जमीनदारांच्या हाताखाली पिचलेले होते. त्या अनुभवातून त्यांनी मुस्लिम लीगशी युती केली.

पुढे काय झाले? कराचीतून हिंदू निघाले, पण सफाई कामगारांना अडवले गेले. कारण काय, तर ती 'अत्यावश्यक सेवा'! कायदेमंत्री आपला, पण आपल्याच माणसाला झाडू टाकून गाव सोडण्याचे स्वातंत्र्य नाही.

डिसेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी नेहरूंना पत्र लिहून हा प्रश्न मांडला. पण त्याच पत्रात त्यांनी दुसरी तक्रारही केली: पूर्व पंजाबात पोहोचलेल्या अस्पृश्य निर्वासितांना मदत आणि जमीन देताना अधिकारी भेदभाव करतात. मंडल यांची कथा सांगून फक्त मुसलमानांकडे बोट दाखवणारे हा अर्धा भाग गिळून टाकतात.

मार्च १९४९ मध्ये पाकिस्तानने उद्दिष्टांच्या ठरावातून राज्याला धर्माशी बांधले. फेब्रुवारी १९५० मध्ये पूर्व बंगालमध्ये कत्तली झाल्या. ऑक्टोबरमध्ये मंडल यांनी राजीनामा दिला आणि ते भारतात आले. इथे त्यांनी निवडणुका लढवल्या, पण हरले. वर्षभरात, १९५१ साली, हिंदू कोड बिल रखडवले गेल्यावर बाबासाहेबांनीही मंत्रिपद सोडले.

दोघांनी खुर्ची सोडली. फरक एवढाच की बाबासाहेबांच्या मागे संविधान उरले. पाकिस्तानला पहिले संविधान मिळायला १९५६ उजाडले.

मित्रांनो, 'आपला माणूस मंत्री झाला' म्हणून गुलाल उधळण्याआधी एक प्रश्न विचारा: त्याच्या खात्यातून आपल्या माणसाच्या हातचा झाडू सुटला का?

जय भीम!