खंबीर माणसाचे माप

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. तरीही आमच्या काटोलहून नागपूरला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत कोर्टाचे कागद पिशवीत घेतलेला एखादा माणूस हमखास भेटतो. कोणाचा बांधाचा वाद असतो, कोणाची संत्र्याच्या बागेची वाटणी असते. त्याला वकिलाचे नाव विचारा, तो सांगेल. तारीख तर तोंडपाठ असते. न्यायाधीशाचे नाव मात्र त्याला बहुधा सांगता येत नाही. निकाल लक्षात राहतो, निकाल देणारा विसरला जातो. आज मी अशाच एका विसरल्या गेलेल्या न्यायाधीशाविषयी बोलणार आहे. त्यांचे नाव व्हिव्हियन बोस.

मी वकील नाही. बी.ए.पर्यंत शिकलेला आणि कविता लिहिणारा माणूस आहे. बोस यांच्यापर्यंत मी कायद्याच्या वाटेने गेलो नाही, त्यांच्या एका वाक्याच्या वाटेने गेलो. ते वाक्य पुढे सांगतो. आधी माणूस सांगतो.

बोस यांचा जन्म ९ जून १८९१ रोजी अहमदाबादला झाला. घराणे मात्र नागपूरचे. आजोबा सर बिपिनकृष्ण बोस हे नागपुरातले नामवंत वकील. १९२३ साली नागपूर विद्यापीठ स्थापन झाले, त्याचे पहिले कुलगुरू तेच. नातू शिकायला इंग्लंडला गेला. आधी डलविच कॉलेज, मग केंब्रिजचे पेम्ब्रोक कॉलेज. १९१३ साली बॅरिस्टर होऊन ते नागपुरात वकिली करू लागले. पुढे विद्यापीठाच्या लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. त्यानंतर त्यांनी सरकारची वकिलीही केली. त्यांच्या पत्नी आयरीन मॉट अमेरिकन होत्या. १९४६ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळालेल्या जॉन मॉट यांच्या त्या कन्या. बोस यांना मोटारीने दूरदूर भटकण्याचा आणि छायाचित्रे काढण्याचा छंद होता. बालवीर चळवळीतही त्यांनी बरीच वर्षे काम केले.

९ जानेवारी १९३६ रोजी नागपूरला उच्च न्यायालय सुरू झाले. मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे हे न्यायालय. पहिल्याच दिवसापासून बोस त्याचे न्यायाधीश होते. सिव्हिल लाइन्समधली आजची देखणी दगडी इमारत १९४० साली उघडली. आजही आपण सारे तिच्या पायऱ्या चढतो. १९४९ साली बोस तिथे मुख्य न्यायाधीश झाले आणि १९५१ साली सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५६ साली पासष्टी पूर्ण होताच ते निवृत्त झाले.

पदांच्या हिशेबाने पाहिले तर त्यांच्यापेक्षा वर चढलेले नागपूरकर पुष्कळ आहेत. बोस यांच्यानंतर नागपूरचे मुख्य न्यायाधीश झालेले भुवनेश्वरप्रसाद सिन्हा पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले. त्यांच्यामागून आलेले मोहम्मद हिदायतुल्ला हेही सरन्यायाधीश झाले, आणि उपराष्ट्रपतीही. आपल्या काळात नागपूरचे शरद बोबडे २०१९ मध्ये आणि अमरावतीचे भूषण गवई २०२५ मध्ये त्या खुर्चीवर बसले. बोस तिथे कधी बसले नाहीत.

पण न्यायाधीशाची उंची खुर्चीवरून मोजता येत नाही. अमेरिकेत लर्नेड हँड नावाचे एक न्यायाधीश होऊन गेले. १९२४ पासून ते तिथल्या फेडरल अपील न्यायालयात होते. सर्वोच्च न्यायालयात त्यांची नेमणूक कधीच झाली नाही. तरी तिथले वकील आजही त्यांचे निकाल आदराने वाचतात. १९१७ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, युद्धाला विरोध करणाऱ्या एका मासिकाला पोस्टातून जाऊ देण्याचा आदेश त्यांनी दिला होता. तेव्हा ते खालच्या न्यायालयात होते. वरच्या न्यायालयाने तो आदेश फिरवला. पण विचार मेला नाही. अर्ध्या शतकाने अमेरिकेचा कायदा बराचसा त्यांच्याच दिशेने गेला. बोस यांची कहाणी मला याच जातीची वाटते.

बोस मवाळ न्यायाधीश होते, असे मात्र कोणी समजू नये. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयात विरसा सिंग नावाच्या आरोपीचे अपील आले. निवृत्त झालेल्या बोस यांना तेव्हा पुन्हा बोलावून घेतले होते. आरोपीने भाल्याचा एकच वार पोटावर केला होता. ठार मारायचा हेतू नव्हता, असा बचाव होता. बोस म्हणाले की मारायचा हेतू होता का, एवढाच प्रश्न नाही. जी जखम झाली ती करायचाच हेतू होता का, आणि तशी जखम सामान्यतः जीव घेण्यास पुरेशी असते का, हे पाहायचे. दोन्हींचे उत्तर होय असेल तर तो खूनच. खुनाच्या खटल्यांत हा निकाल वकील आजही वाचून दाखवतात.

हाच माणूस नागरिकाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न आला की सरकारकडे रोखून पाहत असे. १९५१ साली मद्रासचा एक स्थानबद्धतेचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. राज्यघटना जेमतेम सव्वा वर्षाची होती. बोस यांनी इतरांपेक्षा वेगळा निकाल लिहिला. 'आणि' की 'किंवा', अशी शब्दांची कीस काढणे थोडे बाजूला ठेवा आणि आपल्याला कसले राज्य व्हायचे आहे ते विचारा, असा त्यांचा सूर होता. शंका असेल तर कौल माणसाच्या स्वातंत्र्याला द्यायचा. १९५२ साली पश्चिम बंगालच्या खास न्यायालयांचा कायदा तपासताना त्यांनी लिहिले की घटनेतले शब्द म्हणजे जुन्या पोथीतली निर्जीव अक्षरे नव्हेत, त्या जिवंत ज्वाला आहेत. मी हे प्रथम वाचले तेव्हा हा माणूस कविता करत असावा, असेच मला वाटले होते.

आता ते वाक्य.

साल १९४६. स्वातंत्र्य उंबरठ्यावर होते, पण राज्य इंग्रजांचे होते. सरकारविरुद्ध काही छापले की छापणाऱ्यावर कारवाई ठरलेली. भगवतीचरण शुक्ल विरुद्ध मध्य प्रांत व वऱ्हाडचे सरकार असा एक खटला नागपूर उच्च न्यायालयात आला. १९४७ च्या ऑल इंडिया रिपोर्टरमध्ये नागपूर विभागाच्या अगदी पहिल्या पानापासून तो छापलेला आहे. प्रश्न असा होता की छापलेल्या शब्दांचा लोकांवर काय परिणाम होईल, हे ठरवायचे कसे? कोणत्या वाचकाला समोर धरायचे? बोस यांनी लिहिले की माप धरायचे ते समंजस, खंबीर आणि धीट माणसाचे. दुबळ्या आणि डळमळीत मनाच्या माणसाचे नव्हे. आणि आपल्याविरुद्धच्या प्रत्येक मतात ज्याला धोक्याचा वास येतो, त्याचे तर नव्हेच.

हे लिहिणारा न्यायाधीश परक्या राजाच्या सनदेने नेमलेला होता, आणि ज्या प्रजेला दुबळी समजून तिच्यावर राज्य चालले होते, त्याच प्रजेला त्याने खंबीर मानले. या वाक्याचे मोल मला तिथे वाटते.

हे वाक्य नागपुरात राहिले नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि नागपूरचे उच्च न्यायालय जबलपूरला गेले. नागपुरात मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले. न्यायालय गेले तरी वाक्य चालतच राहिले. १९८८ साली दूरदर्शनवर 'तमस' मालिका सुरू झाली. भीष्म साहनींची कादंबरी, गोविंद निहलानींचे दिग्दर्शन, आणि विषय फाळणीचा. दंगली होतील, मालिका बंद करा, अशी मागणी झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी आधी सारी मालिका स्वतः पाहिली आणि मग बंदी नाकारली. प्रकरण दिल्लीला गेले. सर्वोच्च न्यायालयाने नागपूरच्या बोस यांचे तेच माप काढले आणि 'तमस' चालू राहिली.

२००७ साली एका परदेशी अभ्यासकाच्या पुस्तकावरून महाराष्ट्रात गुन्हा नोंदला गेला होता, तो रद्द करतानाही हेच माप वापरले गेले. २०२४ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या मजकुराचा खटला आला, तेव्हाही तेच. आणि मार्च २०२५ मध्ये एका कवितेचा खटला आला. महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेले कवी इम्रान प्रतापगढी यांनी जामनगरच्या एका सामूहिक विवाह सोहळ्याची चित्रफीत समाजमाध्यमावर टाकली होती. तिच्या पार्श्वभूमीला एक उर्दू कविता ऐकू येत होती. त्यावरून गुजरातेत गुन्हा दाखल झाला. २८ मार्च रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्ज्वल भुयान यांनी तो रद्द केला. कविता कोणत्याही धर्माविरुद्ध नाही, उलट अन्यायाला प्रेमाने तोंड द्या असे ती सांगते, असा त्यांनी अर्थ लावला. आणि शब्दांचा परिणाम खंबीर व धीट माणसाच्या मापाने पाहावा, हा दाखला पुन्हा दिला. पाऊणशे वर्षांपूर्वीच्या नागपूरच्या वाक्याने एका कवितेला आधार दिला.

मला इथे स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या भागात एक कविसंमेलन होते. मी एका विहिरीवरची कविता वाचणार होतो. दोन मोहल्ले एकाच विहिरीवर पाणी भरत असत. पुढे गावात काही बिनसले आणि विहिरीभोवती कुंपण आले, एवढीच ती कविता. तिच्यात कोणाचे नाव नव्हते, कोणाला शिवी नव्हती. संमेलन सुरू होण्याआधी आयोजकांपैकी एक गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, "चाचा, कविता चांगलीच आहे. पण तुमच्या नावानं ती वाचली गेली, की लोक तिचा अर्थ वेगळा काढतील. आज राहू द्या." माणूस वाईट नव्हता. काळजीनेच बोलला. मी ती राहू दिली आणि पावसावरची कविता वाचली. टाळ्याही मिळाल्या.

घरी येताना मात्र मी स्वतःलाच विचारत होतो की मला थांबवले कोणी? पोलिसांनी नाही, कायद्याने नाही. समोर तीनशे माणसे बसली होती. त्यातले दोघे-तिघे बिथरतील, या भीतीने मी उरलेल्या साऱ्यांना कमजोर ठरवून मोकळा झालो. बोस यांचे वाक्य मला ठाऊक होते. ते न्यायाधीशांसाठी लिहिलेले आहे, असे मी समजत आलो होतो. ते लिहिणाऱ्यासाठीही आहे, हे त्या रात्री कळले.

याचा अर्थ तोंडाला येईल ते बोलावे, असा नाही. बोस यांचे माप दोन्ही बाजूंना लागते. समंजस माणसालाही जे ऐकून हात उगारावासा वाटेल, ते शब्द या मापात बसत नाहीत. चिथावणी वेगळी आणि दुःख सांगणे वेगळे, हे समंजस वाचकाला कळते, एवढाच विश्वास हे माप आपल्याकडून मागते.

निवृत्तीनंतरही बोस यांना त्या विश्वासाची किंमत मोजावी लागली. मुंदडा प्रकरणाच्या चौकशी मंडळाचे ते अध्यक्ष होते. अहवालात सत्ताधारी पक्षाला मिळालेल्या देणग्यांविषयी त्यांनी शेरा मारला. १९५९ साली पत्रकारांशी बोलताना पंतप्रधान नेहरूंनी संतापून बोस यांच्या बुद्धीविषयी शंका घेतली. कलकत्त्याच्या वकिलांनी निषेध केला. नेहरूंना चूक उमगली, आणि त्यांनी बोस यांना पत्र लिहून माफी मागितली. बोस यांनीही ती मोठ्या मनाने स्वीकारली. दोघांचेही मन खंबीर होते म्हणून हे घडले. त्याच वर्षी बोस जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय विधिज्ञ आयोगाचे अध्यक्ष झाले. १९८३ साली त्यांचे निधन झाले.

दुसऱ्या वर्षी त्याच संमेलनाचे बोलावणे आले. तेच गृहस्थ दारात भेटले. मी त्यांना म्हटले, "भाऊ, या खेपेला विहीर वाचतो." ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "वाचा." मी वाचली. टाळ्या पावसाच्या कवितेपेक्षा कमीच पडल्या. कार्यक्रम संपल्यावर एक म्हातारे शेतकरी काठी टेकत जवळ आले आणि एवढेच म्हणाले, "आमच्याही गावात होती अशी विहीर."